तीस सेंटांचा तास

हेन्रिएटा लेव्हिट हे नाव पाठ करून कुणाचंही भलं होत नाही. तिचं काम हातांनी करून पाहिलं तर होतं.

महिला खगोलशास्त्रज्ञांची ओळख शाळेत करून द्यायची, आणि तीही खेळातून, हे आता बऱ्याच शिक्षकांना पटलं आहे. फार चांगलं झालं. तीन जानेवारीचा बालिका दिन, अठ्ठावीस फेब्रुवारीचा विज्ञान दिन, आठ मार्च, या तारखा जवळ आल्या की वर्गात खेळ येतात. पण ते कसले? डावीकडे नावं, उजवीकडे शोध, जोड्या लावा. किंवा पत्ते: एकावर चेहरा, दुसऱ्यावर जन्मसाल. किंवा ‘पहिली महिला कोण?’ या एकाच सुरातली प्रश्नमंजूषा. रंगीत कागदावर छापली म्हणून चाचणी परीक्षेचा खेळ होत नाही. मुलं दुसऱ्या दिवशी सगळं विसरतात आणि त्यात त्यांची काहीही चूक नसते, कारण लक्षात ठेवण्यासारखं आपण काही दिलेलंच नसतं.

त्यातच या खेळांत हमखास कल्पना चावला असतात. त्या अवकाशयात्री होत्या, वैमानिक अभियांत्रिकी शिकलेल्या होत्या, त्यांचं कर्तृत्व मोठं आहे. पण त्या खगोलशास्त्रज्ञ नव्हत्या. एक ओळखीचा भारतीय चेहरा हवा म्हणून त्यांना तिथे चिकटवलं की त्यांचाही मान राहत नाही आणि विषयाचाही.

मग खेळायचं काय? या बायकांनी जे काम केलं तेच. त्यातलं बरंचसं काम खेळण्याजोगं आहे, आणि त्याला लागणारं सामान झेरॉक्सच्या दुकानात मिळतं.

लेव्हिटपासूनच सुरू करू. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर दोन चित्रं असतात, त्यांतले फरक शोधायचे असतात. हार्वर्ड वेधशाळेत लेव्हिट हेच करत होती, ताशी तीस सेंट मजुरीवर. वेधशाळेची एक शाखा पेरू देशात आरेकिपाला होती. तिथे दक्षिणेकडच्या आकाशाची छायाचित्रं काचपट्ट्यांवर घेतली जात आणि त्या पट्ट्या समुद्रमार्गे मॅसॅच्युसेट्सला येत. दुर्बिणीवर पुरुष, पट्ट्यांवर बायका, अशी वाटणी होती. काचपट्टीवर तारे काळे ठिपके म्हणून उमटतात. लेव्हिट एका रात्रीच्या पट्टीची उलटी प्रत घ्यायची, म्हणजे तारे पांढरे असलेली, आणि ती दुसऱ्या रात्रीच्या पट्टीवर ठेवायची. ताऱ्याचं तेज बदललं नसेल तर काळा ठिपका पांढऱ्यावर नेमका बसतो. बदललं असेल तर कडेला एक बारीक किनार उरते. भिंग घेऊन ती किनार शोधायची. १९०८ मध्ये तिने मॅजेलनी मेघ या दक्षिणेकडच्या आकाशातल्या दोन दीर्घिकांतल्या १,७७७ रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची यादी छापली.

वर्गासाठी दोन पारदर्शक कागद पुरतात. एकावर दोनशे काळे ठिपके काढा, दुसऱ्यावर तेच आकाश, पण पाच ठिपके थोडे लहान-मोठे. प्रत्येक गटाला एक जोडी द्या आणि खिडकीशी उभं करा. पहिला ठिपका सापडला की जी आरोळी उठते ती कुठल्याही प्रश्नमंजूषेत उठत नाही.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. आता आलेख कागद वाटा. १९१२ मध्ये लेव्हिटने लघु मॅजेलनी मेघातल्या पंचवीस ताऱ्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. या ताऱ्यांचं तेज ठरावीक कालावधीने कमीजास्त होतं. सर्वांत लहान कालावधी सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. एका अक्षावर कालावधी, दुसऱ्यावर तेज. नववीच्या मुलांना बिंदू मांडायला जमतं. मांडले की दिसतं: कालावधी जितका मोठा, तितका तारा जास्त तेजस्वी. मग एकच प्रश्न विचारा: हे सगळे तारे एकाच मेघातले का घेतले? उत्तर सांगू नका. वाट पाहा. एका मेघातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, म्हणजे तेजातला फरक अंतरामुळे आलेला नाही, हे कुणाच्या तरी डोक्यात चमकेलच. त्यापुढचा प्रश्न: दुसरीकडे कुठे तरी त्याच कालावधीचा, पण कितीतरी मंद तारा दिसला तर? तो लांब आहे, आणि किती लांब ते काढता येतं. एडविन हबलला १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत असा तारा सापडला आणि त्याने हेच गणित केलं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे त्यातून ठरलं. विश्व मोजायची पट्टी लेव्हिटच्या आलेखातून आली.

मुलांचे आलेख पुरे झाले की शिक्षकांनी प्रत्येक आलेखाखाली स्वतःची सही करावी आणि तो फळ्यावर लावावा. मुलं भांडतील. भांडू द्या. १९१२ चा तो तक्ता ज्या परिपत्रकात आला त्याखाली सही आहे वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची. हे टिपण मिस लेव्हिटने तयार केलं, असं पहिल्याच वाक्यात त्यांनी नमूद केलं आहे, तेवढा न्याय त्यांनाही दिला पाहिजे. पण सही त्यांचीच. १९२५ मध्ये स्वीडनचे गणिती मित्ताग-लेफ्लर यांनी तिचं नाव नोबेलसाठी सुचवायचं म्हणून हार्वर्डला पत्र पाठवलं. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. हे सगळं बिंदू मांडून झाल्यावर सांगा, आधी नको. ज्या मुलीने पंचवीस बिंदू स्वतः मांडले आहेत तिला ते पत्र लागतं. नुसत्या जोड्या लावणाऱ्याला ती आणखी एक तारीख असते.

पुढचा खेळ वर्गीकरणाचा. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की पट्टा मिळतो आणि त्यात काळ्या रेषा असतात. असे तीसेक पट्टे छापा, कापा, पिसा आणि गटांना द्या. नियम एकच: ओळीने लावा. कसे, ते सांगायचं नाही. एक गट रेषांच्या संख्येवर लावेल, दुसरा एखाद्या ठळक रेषेवर, आणि कुठल्या तरी गटातलं बारीक नजरेचं पोर म्हणेल की काही पट्ट्यांत रेषा धारदार आहेत, काहींत पसरट, म्हणून ते वेगळे काढू. भांडण जुंपेल. हेच भांडण हार्वर्डमध्ये झालं होतं. पिकरिंगच्या घरी कामाला असलेल्या विल्यमिना फ्लेमिंगने दहा हजारांवर ताऱ्यांना इंग्रजी अक्षरांनुसार वर्ग दिले. अँटोनिया मॉरीला ते ढोबळ वाटलं, तिने रेषांची धारही नोंदवली आणि संचालकांना तिची संथ, काटेकोर पद्धत रुचली नाही. ॲनी जंप कॅननने अक्षरं गाळून आणि क्रम बदलून ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही ओळ बसवली. जगाने तीच स्वीकारली. हेन्री ड्रेपर यादीत तिने वर्गीकृत केलेले सव्वादोन लाखांहून जास्त तारे आहेत, आणि भरात असताना ती मिनिटाला तीन तारे निकालात काढायची. ऐकायला तिला फार कमी येत असे. घड्याळ लावून मुलांना मिनिटात तीन पट्टे ओळखायला सांगा, म्हणजे ‘चिकाटीने काम केलं’ या पुस्तकी वाक्याचा अर्थ त्यांच्या डोळ्यांना कळेल.

पण धारदार रेषा वेगळ्या काढणाऱ्या पोराला गुण कापू नका. मॉरीची ती नोंद पुढे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंगने उचलली. धारदार रेषांचे तारे म्हणजे अवाढव्य, कमालीचे तेजस्वी तारे, हे त्यातून कळलं. म्हणून या खेळाला एक उत्तरपत्रिका ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. ओ ते एम हा क्रम लक्षात राहावा म्हणून इंग्रजीत पिढ्यान्पिढ्या एक वाक्य शिकवलं गेलं, ज्यात एका छानशा मुलीकडे चुंबन मागितलेलं आहे. बाईने बसवलेला क्रम, आणि तो शिकायच्या वर्गात मुलींच्या वाट्याला हे. आपल्याला त्याची गरज नाही. मुलांना आपलं वाक्य करायला सांगा. माझं असं: ओवी बहिणाबाईंची ऐकून फुलली गावाकडची काळी माती. याहून सरस वाक्यं सातवीतली मुलं करतात.

आता एका लाडक्या खेळावर मला सरळ घाव घालायचा आहे. सापशिडी. शिडीच्या तळाशी ‘शिष्यवृत्ती मिळाली’, सापाच्या तोंडाशी ‘लग्न झालं, नोकरी गेली’. बनवायला सोपा आणि भिंतीवर दिसायलाही छान. पण तो मुलांना खोटं शिकवतो. सापशिडीत तुम्हाला खाली आणतो तो फासा. या बायकांना फाशाने खाली आणलेलं नाही. कुणी तरी बैठक घेतली, ठराव केला, नियम लिहिला आणि खाली सह्या केल्या. केंब्रिजने मुलींना परीक्षेला बसू दिलं, पण पदवी १९४८ पर्यंत दिली नाही. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९१६ पर्यंत बायकांना फेलो म्हणून घेतलं नाही. खगोलशास्त्रज्ञ मार्गारेट बर्बिज निरीक्षणात तरबेज होती, तिचा नवरा जेफ्री सैद्धांतिक अभ्यासातला. तरीही १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर बायकांना वेळ दिला जात नसल्याने तो त्याच्या नावाने मिळाला आणि ती कागदोपत्री त्याची मदतनीस झाली. दोन वर्षांनी ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात यावरचा तो गाजलेला निबंध आला, तेव्हा लेखकांच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल त्याच यादीत शेवटी आहेत. याला नशीब म्हणायचं? मुलांना ‘दैवाने अडवलं’ असं वाटू देणारा खेळ वर्गात आणू नये.

त्याऐवजी असं करा. आकाशनिरीक्षणाचा कुठलाही साधा खेळ घ्या आणि सुरुवातीला चिठ्ठ्या काढा. निम्म्या मुलांना पिवळी चिठ्ठी, आणि ती मुलगा-मुलगी पाहून द्यायची नाही. पिवळ्या चिठ्ठीवाल्यांनी दुर्बिणीला हात लावायचा नाही, त्यांना गुण निम्मे, अहवालावर त्यांचं नाव नाही. बाकी काम तेच. पंधरा मिनिटांनी खेळ थांबवा आणि विचारा, हे नियम कुणी केले? पिवळी चिठ्ठी आलेल्या मुलग्यांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे असतील. शेवटची दहा मिनिटं नियम बदलण्यासाठी ठेवा: अर्ज कुणाकडे करायचा, सोबत पुरावा कोणता जोडायचा.

नियमांचा विषय निघालाच आहे तर विदर्भातल्या तळणीला जाऊ. २२ जानेवारी १८९८ ला महाराष्ट्रावरून खग्रास सूर्यग्रहण गेलं. विजयदुर्गला, जेऊरला वेधांसाठी तळ पडले होते. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ तळणीला होता आणि त्यात ॲनी माँडर होती. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली, अर्थातच पदवी नसलेली. १८९१ मध्ये ती ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर लागली. सूर्याची रोज छायाचित्रं घ्यायची आणि डाग मोजायचे, हे तिचं काम. १८९५ मध्ये तिने तिथल्याच वॉल्टर माँडरशी लग्न केलं आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली. त्याची राहिली. तळणीला ती बिनपगारी आली, स्वतःच्या अनुदानातून घेतलेला छोटा कॅमेरा घेऊन. खग्रास अवस्थेच्या त्या मोजक्या क्षणांत तिने सूर्याच्या प्रभामंडलातला एक शलाकेसारखा झोत टिपला. इतका लांब झोत तोवर कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. आपल्या मातीवर झालेलं हे काम आपल्या शाळांत सांगितलं जात नाही, याची मला मनापासून चीड येते.

ॲनी आणि वॉल्टर यांनी १९०४ मध्ये मांडलेला सौरडागांचा आलेख म्हणजे वर्गासाठी तयार खेळच आहे. प्रत्येक मुलाला एक उभी कागदी पट्टी द्या आणि एक वर्ष. पट्टीच्या मध्यावर सूर्याचं विषुववृत्त, वर उत्तर, खाली दक्षिण. त्या वर्षी डाग कोणत्या अक्षांशांवर दिसले ते ठिपक्यांनी भरायचं. ज्याचं त्याचं वर्ष ज्याच्या त्याच्याकडे, पट्ट्यांत कुणालाच काही दिसत नाही. मग बावीसएक पट्ट्या ओळीने फळ्यावर चिकटवा. चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून तीस अंशांच्या आसपास, मग वर्षागणिक जवळ, आणखी जवळ, आणि सुमारे अकरा वर्षांनी पुन्हा दूरवर नवी सुरुवात. फळ्यावर फुलपाखरं उमटतात, दोन शेजारी-शेजारी. प्रत्येकाची पट्टी त्यात असते आणि एकही काढून चालत नाही. मला विचाराल तर या सगळ्या खेळांत हा पहिला घ्यावा. मोठ्या वर्गात, साठ मुलं असली तरी जमतो.

जॉसलिन बेलचा खेळ थोडक्यात सांगतो. दुकानात बिल छापायचा कागदी रोल आणा. त्यावर वेडीवाकडी रेघ काढत जा आणि मध्ये एखाद्या ठिकाणी बोटाच्या पेराहून लहान, जरा वेगळा दिसणारा झुबका टाका. रोल वर्गाभोवती पसरा आणि मुलांना रांगत शोधू द्या. केंब्रिजमध्ये १९६७ मध्ये ती रोज रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा सुमारे तीस मीटर कागद असा तपासत होती. त्या झुबक्यातून १.३३ सेकंदांनी येणारे स्पंद निघाले, पहिला पल्सार. १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक हुइश आणि त्यांच्यासोबत राइल यांना मिळालं. जुन्नर-नारायणगावकडच्या शाळांनी हा खेळ जरूर खेळावा, कारण पल्सारांचा माग घेणारी महाकाय दुर्बीण त्यांच्या शेजारी खोडदला उभी आहे.

आणि भारतीय नाव हवंच असेल तर बिभा चौधुरी यांचं घ्या. त्या विश्वकिरणांच्या अभ्यासक. दार्जिलिंगच्या उंचीवर छायाचित्रणाच्या पट्ट्या ठेवून त्यांवर उमटलेले कणांचे माग त्यांनी देबेंद्रमोहन बोस यांच्यासोबत शोधले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. पट्टीवरचा माग शोधणं हाही खेळ होतो, नियम लेव्हिटच्याच खेळाचे.

शेवटचा खेळ सर्वांत अवघड, आणि शिक्षकाला त्यात थोडं दुष्ट व्हावं लागतं. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दाखवलं की ताऱ्यांच्या पट्ट्यांतल्या रेषांचा फरक मुख्यतः तापमानामुळे पडतो. कॅननच्या ओळीचा अर्थ त्यातून उलगडला. सिसिलिया पेनने साहांचं समीकरण घेतलं, हार्वर्डच्या काचपट्ट्या घेतल्या आणि १९२५ च्या प्रबंधात हिशेब मांडला: ताऱ्यांत हायड्रोजन धातूंच्या मानाने सुमारे दहा लाख पट आहे. अमेरिकेतले दिग्गज हेन्री नॉरिस रसेल यांनी कळवलं की हे अशक्य आहे. पंचविशीतल्या पेनने आपल्याच उत्तरापुढे लिहिलं की हे आकडे जवळजवळ नक्कीच खरे नाहीत.

वर्गात एक सोपी मोजणी द्या, जिचं उत्तर अनपेक्षित येतं. वाटाणे आणि राजमा एका डब्यात भरा. वर राजम्याचा थर ठेवा आणि खाली जवळपास सगळे वाटाणे. गटांना नमुने काढून मोजू द्या. उत्तरं आली की वर्गावरून फिरा, वरचा थर दाखवा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणा: “डोळ्यांना दिसतंय की राजमा जास्त आहे. तुमचं चुकलंय, पुन्हा लिहा.” कोण खोडतं, कोण खोडत नाही, कोण “बाई, तुम्हीच मोजून बघा” म्हणतं, ते पाहा. मग डबा टेबलावर ओता आणि सगळ्यांसमोर मोजा. खोडणाऱ्यांना रागावू नका. त्यांना सांगा की पेननेही खोडलं होतं, आणि १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि तिचं बरोबर होतं हे त्यांनी छापून मान्य केलं. न खोडणाऱ्यांना विचारा की ते कशाच्या बळावर अडून बसले. हा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या, म्हणजे वाद मैदानात नेता येतो.